पाच वॅटमध्ये कोणी ऐकेल का?

प्रश्न : हॅम रेडिओचा परवाना नुकताच मिळाला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाच वॅटचा संच पुरेल, की थेट शंभर वॅटचा घेऊ?

उत्तर : पाच वॅटवरच सुरुवात करा, असं मी आग्रहाने सांगेन. शंभरवरून पाचवर उतरलं की फरक पडतो १३ डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम दोन एस-युनिट. मोर्समध्ये तो सहज निभावतो, बोलताना मात्र जाणवतो.

वाचलेले पैसे अँटेनावर घाला. ७.०५ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल सुमारे २० मीटरचा होतो. सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर बांबू उभारा, मध्य त्याला बांधा आणि दोन्ही टोकं उतरती ताणा. विजेच्या तारांपासून लांब राहा. टोकांना कोणाचा हात लागता कामा नये, तिथे व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. तार आधी थोडी लांबच ठेवा, मग एसडब्ल्यूआर बघत दोन्हीकडून सारखी, बोटभर बोटभर छाटा.

शहरात खरी अडचण ऐकण्याची असते. संच बॅटरीवर चालवून घरातला मेन स्विच बंद करा. खरखर एकदम उतरली तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण सुरू करत जा. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यावर माझा पहिला संशय. दोषी सापडला की त्याची वायर फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेढे देऊन काढा. तरीही भागलं नाही, तर चार्जर सरळ बदला.