गव्हाचें वाण व तणनाशक

पैठण तालुक्यांतील चितेगांवासारख्या गांवीं विहिरीच्या पाण्यावर गहूं करणाऱ्या बागाईतदारांस मजूर वेळेवर न मिळाल्यास खुरपणीऐवजीं तणनाशक फवारावें लागतें. अशा वेळीं शेजाऱ्यास मानवलेलें औषध आपल्याही पिकास मानवेल, असें गृहीत धरूं नये.

तणनाशकानें गहूं मरत नाहीं याचें मुख्य कारण असें कीं, त्याच्या पेशींतील विशिष्ट विकरें त्या विषाचें त्वरित विघटन करितात. तणास तें तितक्या वेगानें साधत नाहीं. हें सामर्थ्य जनुकांवर अवलंबून असून तें बियाण्यावाटे पुढील पिढींत उतरतें. क्लोरटोल्युरॉन नांवाच्या औषधाच्या बाबतींत तर सहाव्या ब गुणसूत्रावरील एकच प्रबळ जनुक गव्हास तारतें असें आढळलें आहे. ज्या वाणांत तें नाहीं, तो वाण तणाबरोबरच करपतो.

सरबती गव्हांत ४२ गुणसूत्रें, तर बन्सी व खपलींत २८च असतात. सर्व फरक एवढ्यानेंच उलगडतो असें नव्हे. तथापि सल्फोसल्फ्युरॉनसारखें औषध बन्सीस सरबतीपेक्षां अधिक बाधतें, हें ध्यानांत ठेवावें. निफाड केंद्राच्या वाणांत हा भेद नांवावरूनच कळतो. एन. आय. ए. डब्ल्यू. ३०१ (त्र्यंबक) व ९१७ (तपोवन) हे सरबती, एन. आय. डी. डब्ल्यू. १५ (पंचवटी) व २९५ (गोदावरी) हे बन्सी. तेव्हां पिशवीवरील अक्षरें वाचूनच औषध घ्यावें. डब्यावरील पत्रकांत बन्सीचा उल्लेख नसेल, तर खुरपणीचा खर्च सोसलेला बरा. याच औषधाचा अंश जमिनींत राहून मागाहून पेरलेल्या ज्वारीस व मक्यासही अपाय करितो. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तो सावकाश नाहींसा होतो.

अनुवंशाचा हाच नियम तणासही लागू आहे. हरियाणांत गुल्लीदंडा या तणावर वर्षानुवर्षें आयसोप्रोट्युरॉन हें एकच औषध फवारलें गेलें. जीं थोडीं झाडें विष पचवूं शकलीं, त्यांचेंच बीं शेतांत पसरलें, आणि १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच तें औषध तेथें निरुपयोगी ठरूं लागलें. म्हणून फवारणीनंतर जगलेलें तण थोडेंच आहे म्हणून सोडूं नये; बीं धरण्यापूर्वीं उपटून बांधाबाहेर टाकावें, व पुढील हंगामांत निराळ्या गटाचें औषध घ्यावें किंवा गव्हाऐवजीं हरभरा पेरावा.