‘गाथा’ शब्दाचा अर्थ

‘तुकोबांचा गाथा’ म्हटलें कीं वारकऱ्याच्या डोळ्यांपुढें फडक्यांत बांधलेला जाड ग्रंथ येतो. गाथा म्हणजे अभंगांचा संग्रह, हा अर्थ सर्वांच्या तोंडीं आहे. पण शब्दाच्या मुळाशीं तो आहे काय? आमचें उत्तर, नाहीं.

संग्रह सांगणारे संस्कृत शब्द पाहा. ‘संहिता’ म्हणजे सम् आणि धा, एकत्र ठेवलेली. ‘संग्रह’ म्हणजे सम् आणि ग्रह्, एकत्र घेणें. दोहोंत ‘सम्’ बसला आहे. ‘गाथा’ शब्दांत तो कोठेंच सांपडत नाहीं. हा शब्द ‘गै’ म्हणजे गाणें या धातूचा. जी गायिली जाते ती गाथा. मुळांत एकच पद्य. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतांतील संग्रहाचें नांव ‘गाथासप्तशती’. तेथें सातशें गाथा म्हणजे सातशें पद्यें, सातशें पोथ्या नव्हेत बरें का! पारशी बांधवांच्या अवेस्तांतील जरथुष्ट्राच्या गाथा, त्याही गाणींच.

मराठींत मात्र अनेक गाथा मिळून एक गाथा झाला. संस्कृतांत ती गाथा. वारकऱ्याच्या बोलण्यांत तो गाथा. ‘ग्रंथ’ शब्दाचें लिंग त्यास लागलें असावें, असें आम्हांस वाटतें. लिहिण्यांत ‘ती गाथा’ही चालते. त्यावरून भांडण नको.

आतां ऐतरेय ब्राह्मण काय सांगतें तें ऐका. राजसूय यज्ञांत होता शुनःशेपाची कथा सांगतो. ऋचा आली कीं अध्वर्यूनें ‘ओम्’ म्हणावें, गाथा आली कीं ‘तथा’ म्हणावें. ‘ओम्’ हें देवांचें, ‘तथा’ हें माणसांचें, असा खुलासाही तेथेंच आहे. म्हणजे गाथा ही माणसाची वाणी, आणि तिला दुसऱ्या माणसाचा होकार लागतो. कीर्तनांत टाळकरी चरण उचलून धरतात तें दुसरें काय? ती चाल या यज्ञांतून आली, असें आम्ही म्हणत नाहीं; रीत जुळते, एवढेंच.

तुकोबांचा गाथाही असाच जमला. वह्या इंद्रायणींत बुडविल्या, असें परंपरा सांगते. अभंग लोकांच्या कंठांत आणि हस्तलिखितांत राहिले. देहू, पंढरपूर वगैरे ठिकाणचीं हस्तलिखितें ताडून मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यानें १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत साडेचार हजारांवर अभंग छापले. मग ‘सम्’ कोठें आहे म्हणाल, तर तो गाणाऱ्यांत आहे.

आज पुष्कळ घरीं गाथा देव्हाऱ्यांत असतो. त्यावर हळदकुंकू पडतें, पण फडकें सुटत नाहीं. पूजेला आमची हरकत नाहीं. परंतु न गायिलेला ग्रंथ संग्रह ठरेल, गाथा ठरणार नाहीं. रोज एक अभंग मोठ्यानें म्हणावा, आणि घरांतल्या निदान एका माणसानें तरी मागून चरण धरावा.