हिवाळ्यातील वासरांची ऊब

पंजाब व हरियाणाच्या मैदानी प्रदेशात पौष-माघ महिन्यांत दाट धुके पडते. सूर्यदर्शन कित्येकदा दुपारपर्यंत होत नाही, आणि हिसार, कर्नाल या भागांत रात्रीचे तापमान अनेकदा 5 अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. पूर्ण वाढलेल्या, भरपूर चारा मिळणाऱ्या गाईला हा गारठा फारसा बाधत नाही. तिच्या पोटात चारा आंबत असताना पुष्कळ उष्णता निर्माण होते. देहात जणू शेगडीच धुमसत असते. नवजात वासराची ही शेगडी अद्याप पेटलेली नसते. त्याचे रवंथाचे पोट अविकसित असते, अंगात चरबीचा साठा अत्यल्प असतो, आणि वजनाच्या मानाने शरीराचे पृष्ठफळ अधिक असल्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते.

पहिल्या तीन आठवड्यांत भोवतालचे तापमान सुमारे 15 अंशांखाली गेले, की अंगाची ऊब टिकविण्यासाठीच वासराला जादा ऊर्जा खर्चावी लागते. 5 अंशांवर हा निर्वाहाचा खर्च सुमारे पाव पटीने वाढतो. दूध मात्र पूर्वीइतकेच मिळाले, तर वाढ खुंटते व रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. मग हगवण किंवा फुफ्फुसदाह यांना वाट मोकळी होते.

म्हणून संरक्षणाचा आरंभ जन्मक्षणापासूनच व्हावा लागतो. ओले वासरू कोरड्या फडक्याने वा पेंढ्याने चोळून पुसावे आणि शक्य तितक्या लवकर त्यास चीक पाजावा. चिकातून ऊर्जा मिळते. शिवाय गोवंशात रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाशयातून वासराकडे जात नाहीत, ती चिकातूनच मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता सुमारे 24 तासांत नाहीशी होते.

उघड्यावरील छपरात खरी मदार बिछान्यावर असते. भाताचा लांब पेंढा इतका जाड पसरावा, की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसेनासे व्हावेत. पेंढ्यात कोंडलेली हवा उष्णता धरून ठेवते. ओला बिछाना मात्र उलट उष्णता शोषून घेतो. परीक्षा सोपी आहे: बिछान्यावर गुडघे टेकावेत, धोतर ओले झाले, तर पेंढा बदलण्याची वेळ झाली आहे.

गारठ्याच्या भीतीने छपराला चहूबाजूंनी ताडपत्री लावून ते बंदिस्त करणे, ही सदिच्छेतून होणारी चूक होय. मूत्रातून निघणारा अमोनिया व दमटपणा आत कोंडतो आणि कोवळ्या फुफ्फुसांना तो थंडीहून अधिक घातक ठरतो. वाऱ्याची बाजू वासराच्या उंचीपर्यंत अडवावी, वर हवेला वाट ठेवावी. उभ्या माणसाच्या नाकाला जो वास जाणवत नाही, तो खाली बसताच झोंबतो. तेव्हा पारख वासराच्या पातळीवरूनच करावी.

गोणपाटाची झूल रात्री उपयोगी पडते. ती पोटाखाली सैल बांधावी, आणि ऊन पडताच काढून वाळत घालावी. दवाने किंवा मूत्राने भिजलेली झूल तशीच अंगावर राहिली, तर ती नसलेलीच बरी.