पासबुकातील अनोळखी ओळ

आपण पासबुक भरून आणतो. ‘नावे’ या रकान्यात ५०० रुपये दिसतात. पुढे भलतेच नाव असते. हा कोण बुवा?

लगेच घाबरू नये. पेट्रोल पंपाच्या पाटीवर तेल कंपनीचे नाव असते. पंप चालवणारा मालक पुष्कळदा निराळा असतो. कार्डाने किंवा फोनने दिलेले पैसे त्याच्या खात्यात जातात. म्हणून पासबुकात त्याच्या पेढीचे नाव येऊ शकते. तारीख व रक्कम पंपाच्या पावतीशी ताडून पाहावी. पावती फेकायची नाही. पासबुकातच ठेवायची.

क्रेडिट कार्डाच्या हिशेबात आणखी एक आकार दिसतो. त्याला इंधन अधिभार म्हणतात. तो १ टक्का असेल, तर ५०० रुपयांवर ५ रुपये होतात. त्या ५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० पैसे. एकूण ५ रुपये ९० पैसे. काही बँका अधिभार परत देतात. ते बँकेत विचारावे.

आणि त्या दिवशी आपण पंपावर गेलोच नसलो तर? आधी घरच्यांना विचारावे. त्यांनीही तेल भरले नसेल, तर गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी बँकेला कळवावे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. १९३० या क्रमांकावरही फोन करावा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने नियम केला. चूक आपली नसेल आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्या माथी येत नाही. पण गुप्त क्रमांक आपणच कोणाला सांगितला, तर ती आपली चूक ठरते.

उशीर केला, तर कष्टाचा पैसा जाईल. म्हणून दर महिन्याला पासबुक भरून घ्यावे आणि ओळ न् ओळ वाचावी.