बालकांची दृष्टी, बुद्धी आणि रोजचे ताट

प्रतिवर्षीच्या प्रथेप्रमाणे अहवालाच्या या पानांवर एका आरोग्यविषयाचा परामर्श घेत आहोत. यंदा विषय आहे बालकांचे डोळे व मेंदू यांना लागणाऱ्या पोषक घटकांचा. शस्त्रक्रियेने परत आलेली दृष्टी सर्वांना दिसते आणि अशा कार्यासाठी देणगीदारांचा हात नेहमीच उदार राहिला आहे. जी दृष्टी गेलीच नाही, तिची नोंद मात्र कोणत्याही नोंदवहीत होत नाही. तरीही बालकांच्या बाबतीत आमचे खरे काम तेथेच आहे, असे आम्हांस वाटते.

बाह्यरुग्ण विभागात खोकल्यासाठी मूल घेऊन आलेली एखादी माता जाता जाता सांगते, “दिवसा पोर नीट खेळतं डॉक्टरसाहेब, पण दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळतं. ताटातला घास चाचपत राहतं.” तिच्या लेखी ही धांदरटपणाची तक्रार असते. वैद्यकाच्या लेखी हा रातांधळेपणा असतो, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची पहिली हाक.

आपल्या दृष्टिपटलात मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांतील रंगद्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होते. प्रकाश पडला की ते विघटित होते आणि अंधारात पुन्हा जुळून येते. या रहस्याची उकल करणारे जॉर्ज वॉल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. शरीरातील साठा संपला की हे पुन्हा जुळणे थांबते आणि संध्याकाळ होताच बालकाची दृष्टी हरपते. योग्य मात्रा दिली तर एक-दोन दिवसांतच ती परत येते. असा झटपट गुण वैद्यकात क्वचितच पाहावयास मिळतो.

दुर्लक्ष झाले तर पुढची पायरी येते. डोळ्याचा पांढरा भाग कोरडा, निस्तेज दिसू लागतो. त्यावर, बहुधा कानाकडील बाजूस, साबणाच्या फेसासारखे पांढुरके ठिपके उमटतात. त्यानंतर बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ पडतो, आणि एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की काही दिवसांत, कधी काही तासांतही, तो विरघळून फुटू शकतो. मोतीबिंदू काढून भिंग बसविता येते. येथे मागे उरतो तो पांढरा व्रण. तो दूर करावयाचा तर दुसऱ्या कोणाचे नेत्रदान मिळावे लागते, आणि लहान मुलांत ते रोपणही नेहमी टिकतेच असे नाही.

हे संकट बहुधा गोवर किंवा दीर्घकाळच्या जुलाबांच्या पाठीवर येते, कारण अशा आजारात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने खर्ची पडतो. आणि नेमक्या याच वेळी आपल्याकडील काही घरांत पथ्य म्हणून फोडणी बंद होते, तेल-तूप वर्ज्य होते, मुलाला पेजेवर ठेवले जाते. त्यामागील श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु ‘अ’ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाखेरीज शरीरात नीट शोषलेच जात नाही. गोवर झालेल्या बालकास वैद्यकीय सल्ल्याने या जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी आणि घरचे तेल-तूप थांबवू नये, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.

पोषणाअभावी येणारे अंधत्व रोखण्यासाठी आपल्या देशात १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसोबत एक मिलिलिटर, म्हणजे एक लाख एककांची मात्रा देतात. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकके, अशा एकूण नऊ मात्रा होतात. इंडोनेशियातील आचे प्रांतात ४५० खेड्यांत आल्फ्रेड सॉमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात ही मात्रा मिळालेल्या गावांमध्ये बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. तो निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, उत्तर भारतातील सुमारे दहा लाख बालकांवरील आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एवढा मोठा फरक दिसला नाही. मात्रा जरूर घ्यावी, पण ती ताटाला पर्याय नव्हे.

ताटात काय असावे? शेवग्याचा पाला, माठ, मेथी, अळू, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, आंबा. वनस्पतींतील केशरी द्रव्याचा थोडाच भाग शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनतो, म्हणून भाजी रोज हवी आणि तिच्यावर चमचाभर तेल हवे. दूध, अंड्याचा बलक व कलेजी यांतून तयार जीवनसत्त्व मिळते. आणि नवजात बालकासाठी आईचा पहिला चीक. तो घट्ट व पिवळसर असतो म्हणून आजही काही ठिकाणी पिळून टाकला जातो. तो पिवळेपणाच या जीवनसत्त्वाच्या समृद्धीची खूण आहे.

डोळा निदान तक्रार करतो. मेंदू तीही करीत नाही. दोन वर्षे पूर्ण होईतो मेंदूची वाढ प्रौढाच्या सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि या काळात त्यास लोहाची फार गरज असते. चेतातंतूंवरील आवरण आणि संदेश वाहणारी रसायने घडविण्यात लोहाचा वाटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय होता. लोहाची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण, आणि रक्त कमी दिसण्याआधीच मेंदूला ही उणीव जाणवू लागते. पुढे औषधाने रक्त भरून येते. पण तान्हेपणी मागे राहिलेले शिकणे प्रत्येक वेळी भरून येतेच असे नाही.

येथे एका गोड गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. “आमचं बाळ दुसरं काही खात नाही, दिवसभर दूधच पितं,” असे आजी कौतुकाने सांगतात. गाईम्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते, आणि त्याने पोट भरले की वरणभाताला जागा उरत नाही. गुटगुटीत दिसणारे असे बाळ तपासावे तर पापणीच्या आतील कडा पांढरीफटक असते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर मऊ खिमट, डाळ, पालेभाजी, अंडे, चालत असल्यास मांस-मासळी सुरू करावी. भाजीवर लिंबू पिळावे. मुलांना चहा मुळीच देऊ नये, कारण तो लोह अडवितो. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटासाठी आठवड्यातून दोनदा द्यावयाचे लोहाचे पातळ औषध शासनातर्फे विनामूल्य मिळते.

आयोडीनबद्दल थोडक्यात. गर्भावस्थेत ते न मिळाल्यास बालकाच्या बुद्धीची कायमची हानी होऊ शकते. हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगात केवळ आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटले. तेव्हा पाकिटावरील खूण पाहूनच मीठ घ्यावे आणि ते झाकून ठेवावे.

राहता राहिले ‘डीएचए’ हे स्निग्धाम्ल. मेंदू व दृष्टिपटल या दोहोंत ते असते हे सत्य आहे. परंतु त्या नावावर विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांनी पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकाची बुद्धी वाढते, असे अभ्यासांतून स्पष्टपणे सिद्ध झालेले नाही. आईच्या दुधात ते असतेच. बांगडा व तारली या स्वस्त मासळीतही भरपूर असते. जवस व अक्रोडातील स्निग्धाम्लाचे शरीर अल्प प्रमाणात त्यात रूपांतर करते. डबा आणण्यासाठी कर्ज काढणारे पालक आम्ही पाहिले आहेत. त्या पैशांत महिनाभराची अंडी येतात.

बालक संध्याकाळी अडखळत असेल, डोळ्यात फेसाळ ठिपका दिसत असेल किंवा गोवरानंतर ते उजेडाकडे पाहत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा अधिक झाली तर अपाय होतो, म्हणून घरच्या घरी ती देऊ नये. येताना लसीकरणाचे कार्ड बरोबर आणावे. मागील मात्रा केव्हा दिली हे आम्हांस त्यावरूनच कळते.