आजोबांच्या डबींतील औषध

तोरणमाळचा पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. यशवंत तलावावर उतरलेलें धुकें दिवस दिवस हलत नाहीं. सीताखाईच्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो, पण पाणी दिसत नाहीं. आणि घाटांत दरड कोसळली म्हणजे शहाद्याकडील मोटार केव्हां येईल हें कोणासच सांगतां येत नाहीं. याच दिवसांत घरोघरीं ताप-खोकल्याची सांथ सुरू होते. समजा, अशा एका घरीं आठवीच्या वर्गांत शिकणारी मुलगी तापानें फणफणली आहे. त्याच घरीं तिच्या आजोबांस कंपवात, म्हणजे ज्यास डॉक्टर लोक पार्किन्सनचा रोग म्हणतात तो आहे. त्यांच्या पत्र्याच्या डबींत इतर औषधांबरोबर अमँटाडीन नांवाच्या औषधाच्या कॅप्सूल आहेत. शेजारचे एक शिकलेले गृहस्थ पाकिटांतील माहितीपत्रक उजेडांत धरून वाचतात. त्यांत त्यांस 'इन्फ्लुएंझा' हा शब्द आढळतो, आणि ते म्हणतात, "अहो, औषध तर घरांतच आहे! पोरीला यांतलीच एक द्या."

हा सल्ला मायेचा आहे. तो अगदीं निराधारही नाहीं, कारण हें औषध मुळांत इन्फ्लुएंझाकरितांच निघालें. तरीही तो पाळला तर मुलगी बरी होणार नाहींच, शिवाय आजोबांस अपाय होण्याचा संभव आहे. असें कां, हें समजण्यास या औषधाचा इतिहास पाहिला पाहिजे.

इ. स. १९६६ मध्यें अमेरिकेंत इन्फ्लुएंझाच्या प्रतिबंधासाठीं अमँटाडीन वापरण्यास सरकारची परवानगी मिळाली. त्यापूर्वीं नऊ वर्षें, १९५७ सालीं, 'आशियाई फ्लू'ची सांथ जगभर पसरली होती व तिची भीति लोकांच्या मनांत ताजी होती. इन्फ्लुएंझाचा विषाणु आपल्या शरीरांतील पेशींत शिरतो तेव्हां तो एखाद्या बंद थैलींत असल्यासारखा असतो. ती थैली उघडल्यावांचून त्यास आपलें काम सुरू करतां येत नाहीं. 'अ' जातीच्या विषाणूच्या आवरणांत एम-टू नांवाचें एक सूक्ष्म द्वार असतें. त्यांतून आम्लता आंत झिरपली म्हणजे विषाणूचें आवरण सुटतें. अमँटाडीन या द्वारांत बुचासारखें बसत असे व विषाणु जागच्या जागीं अडकून पडत असे. इन्फ्लुएंझाच्या 'ब' जातीवर मात्र या औषधाचा उपयोग पहिल्यापासूनच नव्हता.

पुढें विषाणूनें आपलें द्वारच बदललें. त्या प्रथिनांतील एकतिसाव्या जागचा एक घटक पालटला एवढ्यानेंच तें बूच बसेनासें झालें. हा बदल झालेले विषाणु इतके पसरले कीं, जानेवारी २००६ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें इन्फ्लुएंझासाठीं हें औषध वापरूं नये असें डॉक्टरांस कळविलें. त्यानंतर २००९ ची सांथ आली. तिची आठवण तुमच्या आईवडिलांस नक्की असेल. त्या वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं पुण्यांत एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यु झाला. भारतांतील त्या सांथीचा तो पहिला बळी होय. त्या महिन्यांत पुण्यामुंबईच्या शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे घशांतील नमुन्यांची रीघ लागली. त्या सांथीचा विषाणु अमँटाडीनला दाद न देणारा होता. त्यावर जें औषध देण्यांत आलें तें ओसेल्टामिविर, एक अगदीं निराळें औषध. तें आजही डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावयाचें असतें, आणि ताप आल्यापासून पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास त्याचा गुण अधिक येतो. आज माणसांत फिरणारे 'अ' जातीचे विषाणु जवळजवळ सर्व अमँटाडीनला न जुमानणारे आहेत. माहितीपत्रकावरील तो शब्द म्हणजे, नदीनें पात्र बदलल्यावर जुन्या काठावर उभ्या राहिलेल्या घाटासारखा आहे. पायऱ्या आहेत, पण पाणी नाहीं.

मग हें औषध आजोबांच्या डबींत कसें आलें? ही हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १९६८ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं कंपवात झालेली अठ्ठावन्न वर्षांची एक स्त्री फ्लू होऊं नये म्हणून अमँटाडीन घेत होती, १०० मिलिग्रॅम दिवसांतून दोन वेळां. तिच्या ध्यानांत आलें कीं, हातापायांचा ताठरपणा व कंप कमी होऊन हालचाल सुलभ झाली आहे. सहा आठवड्यांनीं औषध बंद केल्यावर दुखणें पुन्हां पूर्ववत् झालें. तिनें हें आपल्या डॉक्टरांस सांगितलें. डॉक्टर श्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें हसण्यावारी न नेतां १६३ रोग्यांवर तें औषध देऊन पाहिलें, आणि सुमारें दोनतृतीयांश रोग्यांस गुण आल्याचें १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. एका रोगिणीच्या बारीक निरीक्षणामुळें औषधास दुसरा जन्म मिळाला! आपल्या घरांतील वृद्ध माणूस औषधाविषयीं कांहीं सांगूं लागलें तर आपण तें किती लक्षपूर्वक ऐकतों, असा प्रश्न मला ही गोष्ट वाचतांना पडला.

मेंदूंत हें औषध विषाणूचें द्वार बंद करीत नाहीं, हें उघडच आहे. कंपवातांत मेंदूच्या एका कृष्णवर्ण भागांतील पेशी हळूहळू नष्ट होतात, व त्या जें डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करितात त्याची उणीव पडते. अमँटाडीन हें उरलेल्या डोपामिनच्या कार्यास मदत करितें, आणि दुसऱ्या एका रासायनिक संदेशाचा अतिरेक आवरतें. लेव्होडोपा हें मुख्य औषध पुष्कळ वर्षें घेतल्यानें रोग्याचें अंग नकळत वेडेंवांकडें हलूं लागतें. तें कमी करण्यासाठीं डॉक्टर आज अमँटाडीनची विशेष योजना करितात. म्हणजे त्या डबींतील प्रत्येक कॅप्सूल आजोबांच्या हातापायांच्या हिशेबांत धरलेली आहे.

आतां शेजाऱ्यांच्या सल्ल्याचा खरा धोका कळेल. मुलीस चार कॅप्सूल दिल्या म्हणजे आजोबांच्या चार कमी झाल्या. घाट बंद आहे, नवीन पाकीट येण्यास आठवडा लागणार आहे, आणि शेवटचे दोन दिवस आजोबा औषधावांचून राहतात. बहुतेक औषधें दोन दिवस चुकलीं तर फारसें बिघडत नाहीं अशी आपली समजूत असते. येथें तसें नाहीं. अमँटाडीन एकाएकीं थांबविल्यास ताठरपणा झपाट्यानें वाढतो, माणूस भ्रमिष्टासारखें बोलूं लागतो, आणि क्वचित् प्रसंगीं जोराचा ताप चढून अंग लांकडासारखें कडक होतें. ही स्थिति प्राणघातक ठरूं शकते. यांतली मोठी फसगत अशी कीं, घरांत आधींच फ्लू आहे, म्हणून हा तापही फ्लूचाच असें सर्वांस वाटतें! तेव्हां कंपवाताच्या रोग्यास ताप येऊन अंग ताठरल्यास डॉक्टरांस पहिली गोष्ट सांगावी ती ही, कीं शेवटची कॅप्सूल कोणत्या दिवशीं घेतली. औषध बंद करावयाचेंच असेल तर डॉक्टर तें पायरी पायरीनें कमी करितात.

मुलीच्या बाजूनेंही धोका लहान नाहीं. या औषधाचें प्रमाण फार झाल्यास हृदयाची गति बिघडते. एकाच वेळीं एक ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या अवघ्या दहा कॅप्सूल, घेतल्यानें मृत्यु आल्याची नोंद वैद्यकांत आहे. म्हणून ही डबी लहान मुलांच्या हातीं लागेल अशा कोनाड्यांत ठेवूं नये. मुलीस विश्रांति, भरपूर पाणी व पेज, आणि तापासाठीं तिच्या वजनाच्या मानानें पॅरासिटामॉल एवढें घरीं देतां येतें; अॅस्पिरिन मात्र मुलांस देऊं नये. श्वास जोराजोरानें चालणें, ओठ निळसर होणें, पाणीही न पिणें, गुंगी येणें, किंवा ताप उतरून पुन्हां चढणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर सरकारी दवाखाना गांठण्यास सकाळची वाट पाहूं नये.

आजोबांनीं हें औषध नित्य कसें घ्यावें, याविषयीं आतां लिहितों. पाकिटावरील उभी तांबडी रेघ हेंच सांगते कीं, हें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकत घ्यावयाचें नाहीं. दिवसांतून दोन वेळां सांगितलें असल्यास दुसरी कॅप्सूल बहुधा दुपारीं घेण्यास सांगतात, कारण सायंकाळीं उशिरां घेतल्यास झोंप उडते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळीं दोन एकदम घेऊं नयेत. बिछान्यावरून एकदम उभें राहिल्यास घेरी येऊन पडण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम बसावें, घटकाभर थांबावें, मग भिंतीचा आधार घेऊन उठावें. तोंड कोरडें पडणें, बद्धकोष्ठ, घोट्यांवर सूज, पायांच्या कातडीवर जांभळट जाळी उमटणें हीं या औषधाचीं नेहमींचीं चिन्हें आहेत. तीं पुढील भेटींत डॉक्टरांस दाखवावींत. मद्य वर्ज्य करावें. कांचबिंदु, फेफरें किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तें चिठ्ठी लिहिण्यापूर्वींच सांगितलें पाहिजे.

एका चिन्हाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. कांहीं वृद्धांस या औषधानें नसलेलीं माणसें दिसतात. तिन्हीसांजेला ओट्यावर कोणी बसलें आहे, कोपऱ्यांत मूल उभें आहे, असें ते सांगतात. अशा वेळीं घरचीं माणसें घाबरून बाहेरची बाधा समजतात व उपाय दुसरीकडेच शोधूं लागतात. त्यांत कोणास हंसण्यासारखें कांहीं नाहीं, कारण दिसतें तें आजोबांस खरोखरच दिसत असतें. पण हा औषधाचा परिणाम असूं शकतो, आणि डॉक्टरांनीं मात्रा कमी केली म्हणजे पुष्कळदां तो निघून जातो. आजोबांशीं वाद घालूं नये, दिवा लावावा, जवळ बसावें, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांस कळवावें. कॅप्सूल आपल्या मनानें बंद करण्याचा मोह याच वेळीं होतो. तो कां आवरावा हें वर सांगितलेंच आहे.

मूत्रपिंडांचा उल्लेख मघां केला तो सहज केलेला नाहीं. अमँटाडीन शरीरांत फारसें बदलत नाहीं. तें बहुतांशीं जसेंच्या तसें लघवीवाटे बाहेर जातें. आतां घरांतील फ्लू आजोबांसच झाला असें समजा. तापांत ते पाणी पीत नाहींत, लघवी कमी होते, आणि रोजचीच मात्रा अंगांत सांचूं लागते. मग भ्रम वाढतो. म्हणून तापाच्या दिवसांत त्यांस घोट घोट पाणी पाजीत राहणें हा औषधोपचाराचाच भाग समजावा. त्यांस गिळण्यास त्रास होत असल्यास बसवून पाजावें, नाहीं तर पाणी श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. सर्दीच्या तयार गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतें, त्यानें भ्रम व कोरडेपणा आणखी वाढतो. आणि ओकारीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड ही गोळी तर कंपवाताच्या रोग्यास देऊंच नये. दवाखान्यांत गेल्यावर "यांना कंपवात आहे" हें वाक्य प्रथम उच्चारावें. इन्फ्लुएंझाची टोंचून देण्याची लस अमँटाडीन घेणाऱ्या वृद्धांस चालते. नाकांत फवारण्याची जिवंत विषाणूची लस मात्र या औषधाच्या आगेंमागें देत नाहींत, म्हणून लस घेतांनाही डबी दाखवावी.

आपल्या सातपुड्यांतील वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट. रानांतील खाजकुयलीच्या शेंगा अंगास लागल्या म्हणजे काय होतें हें गुराखी मुलांस सांगावयास नको. तिच्या बियांत लेव्होडोपा असल्याचें १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी या शास्त्रज्ञांनीं दाखविलें, आणि मुंबईच्या डॉक्टर अशोक वैद्य यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं कंपवातावर तिचा उपयोग केल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हां जुन्या जाणत्यांचें ज्ञान पोकळ नव्हतें. पण ज्या आजोबांस लेव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत त्यांस वरून खाजकुयलीचें चूर्ण दिल्यास तेंच द्रव्य बेहिशेबी पोटांत जातें. चूर्ण चालू असेल तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये. डॉक्टर रागावतील म्हणून लपविणारे पुष्कळ आहेत. रागावले तर रागावोत.

राहिला घाटाचा प्रश्न. मृगापूर्वीं एके दिवशीं घरांतील शाळकरी मुलानें किंवा मुलीनें डबी उघडून कॅप्सूल मोजाव्यात, रोजच्या संख्येनें भागावें, व किती दिवसांचा सांठा आहे तें कागदावर लिहून डबीस चिकटवावें. पंधरा दिवसांहून कमी भरला तर शहाद्यास जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर चिठ्ठी पाठवावी. त्याच कागदावर आजोबांच्या सर्व औषधांचीं नांवें, वेळा व रोगाचें नांव ठळक अक्षरांत असावें, म्हणजे रात्रीं-अपरात्रीं जो कोणी त्यांस दवाखान्यांत नेईल त्यास तें वाचून दाखवितां येईल. कॅप्सूल पाकिटांतून अगोदर काढून ठेवूं नयेत; आपल्याकडील धुक्याच्या दमटपणानें त्या मऊ पडून एकमेकींस चिकटतात.