म्हशीची ढेप माशाला चालेल काय?

तापीखोऱ्यातील फोपनार हे माझे गाव. 2003 पासून ते बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडते. हा मुलूख कपाशीचा व केळीचा. कपाशी आली की सरकी आली आणि सरकी आली की ढेप आली. म्हशीला ढेप घालणाऱ्या आमच्याकडील शेतकऱ्याने शेततळ्यात रोहू-कटला सोडले, तर त्याच पोत्यातील चार मुठी पाण्यात टाकण्याचा मोह त्याला होणारच. हे कितपत योग्य, ते पाहू.

माशांच्या वाढीसाठी प्रथिने हवीत. मासळीच्या भुकटीत ती 60 टक्क्यांच्या आसपास असतात. पण भुकटी महाग, शिवाय माणसाच्या ताटात जाऊ शकणारी लहान मासळी तिच्यासाठी खर्ची पडते. म्हणून वनस्पतिज प्रथिनांकडे वळावे लागते. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग देण्याची पद्धत रूढ आहे. पेंडीत 45 टक्के व कोंड्यात 12 टक्के प्रथिने धरली, तर मिश्रणात साडेअठ्ठावीस टक्के येतात. सालासकट सरकीच्या ढेपेत मात्र सुमारे 22 टक्केच. तिच्यात तितकाच कोंडा मिसळला, तर हाती 17 टक्के उरतात.

परंतु केवळ टक्केवारीवर भागत नाही. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात व त्यांपैकी दहा माशाला अन्नातूनच मिळावी लागतात. सोयाबीनमध्ये लायसिन पुरेसे, पण मेथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीचे नेमके उलट. वरण आणि भात जसे एकमेकांची उणीव भरून काढतात, तसेच या दोन पेंडींचे आहे.

आता ढेपेकडे वळू. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळसर विषारी द्रव्य असते. म्हशीच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव ते बरेचसे निष्प्रभ करतात. रोहूला असे पोट तर नाहीच, किंबहुना त्याला जठरच नाही! उष्णतेने गॉसिपॉल बांधले जाते खरे, पण ते लायसिनलाच चिकटते. आधीच तुटपुंजे असलेले लायसिन आणखी घटते.

सोयाबीनही निर्दोष नाही. कच्च्या सोयाबीनमधील एक घटक ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतो. जठर नसलेल्या माशाची भिस्त आतड्यातील याच रसावर, म्हणून सोयाबीन भाजून वा शिजवूनच द्यावे. आणि पेंड कोणतीही असो, ओलसर जागी तिला बुरशी लागते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा-पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी दगावले. त्यातूनच अफलाटॉक्सिनचा शोध लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राऊट माशांना यकृताचा कर्करोग झाला, त्याचा माग सरकीच्या पेंडीतील याच विषापर्यंत पोचला.

तेव्हा माझे मत असे: ढेप वर्ज्य नाही, पण तिने मुख्य अन्न होऊ नये. सोललेल्या सरकीची पेंड मिळाल्यास ती थोड्या प्रमाणात घ्यावी, तिला भाजलेल्या सोयाबीनची व तिळाच्या पेंडीची जोड द्यावी आणि पोती कोरड्या जागी फळ्यांवर ठेवावीत. ‘पेंडीत प्रथिने किती?’ एवढेच विचारून विद्यार्थ्यांनी थांबू नये. ती कोणती, त्यांच्यासोबत आणखी काय आले आणि खाणाऱ्याचे पोट कसे आहे, हेही विचारावे. शेतकऱ्याचा हंगाम या उत्तरांवर अवलंबून असतो.